फेरतपासणीचा निकाल पाहतांना

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या कचेरींत दोन प्रकारचीं माणसें येतात. पहिल्या प्रकारच्या माणसांच्या हातीं पेढ्यांचा पुडा असतो. त्यांची आम्हांस कांहीं अडचण पडत नाहीं. पेढा घ्यावा, मुलाच्या पाठीवर हात ठेवावा, व पुढें कोणती शाखा घेणार तें विचारावें, एवढ्यानें तें काम होतें. दुसऱ्या प्रकारचीं माणसें मात्र दाराशींच घुटमळतात. त्यांच्या हातांत घडी घातलेला एक कागद असतो. तो तीं लगेच उलगडीत नाहींत. कचेरींतली गर्दी ओसरली म्हणजे तीं पुढें येतात आणि खालच्या आवाजांत विचारतात, “सर, पेपर पुन्हा तपासून मिळेल का हो ?”

या प्रश्नास आम्ही कित्येक वर्षें एकच उत्तर देत आलों. “झालें तें झालें. तपासणारीं माणसें अनुभवी असतात, तेथें चूक व्हावयाची नाहीं. पुढच्या अभ्यासास लागा.” हें सांगतांना आपण मोठें शहाणपण सांगत आहों, असें आम्हांस वाटे. आज आम्ही तें उत्तर देत नाहीं. तें कां सोडलें व त्याच्या जागीं काय सांगतों, हें या अंकाच्या द्वारें विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊं. कारण निम्मा घोटाळा शब्दांनींच होतो. ‘फेरतपासणी’ हा शब्द आपण सरसकट वापरतों. परंतु महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या व्यवहारांत या नांवाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली गुणपडताळणी. हींत उत्तर पुन्हा वाचून त्याची योग्यता ठरवीत नाहींत. एखादें उत्तर तपासावयाचें राहून गेलें आहे काय, आंतल्या गुणांची बेरीज बरोबर आहे काय, आणि ते गुण पहिल्या पानावर नीट उतरले आहेत काय, एवढेंच पाहतात. दुसरी छायाप्रत. आपण लिहिलेली व परीक्षकानें तपासलेली उत्तरपत्रिका जशीच्या तशी आपणांस पाहावयास मिळते. तिसरी पुनर्मूल्यांकन; म्हणजे उत्तरें खरोखरच पुन्हा वाचून त्यांचे गुण ठरविणें. पुनर्मूल्यांकन हवें असेल तर आधीं छायाप्रत घ्यावी लागते, व ती हातीं आल्यापासून कामकाजाच्या पांच दिवसांच्या आंत पुढचा अर्ज करावा लागतो.

२०२५ सालीं शालान्त परीक्षेचा निकाल १३ मे रोजीं लागला, आणि गुणपडताळणी व छायाप्रत यांच्या अर्जांसाठीं १४ मे ते २८ मे अशी मुदत होती. त्या वर्षीं गुणपडताळणीस दर विषयास ५० रुपये, छायाप्रतीस ४०० रुपये व पुनर्मूल्यांकनास ३०० रुपये असें शुल्क होतें. अर्ज करणें, शुल्क भरणें, हीं कामें मंडळाच्या संकेतस्थळावरूनच होतात. या तीन गोष्टींतला भेद ज्यांस ठाऊक नसतो, ते ५० रुपये भरतात, आपल्या मुलाचा निबंध पुन्हा वाचला जाईल अशी आशा धरून बसतात, आणि कांहीं पालट न झाल्याचें कळलें म्हणजे फसवणूक झाली असें म्हणतात. फसवणूक कोणीं केलेली नसते. मागितली बेरीज, आणि अपेक्षिलें वाचन, असा तो प्रकार असतो.

आजच्या मुलांस ही सोय पूर्वापार चालत आलेली वाटेल. पण ती तशी नाहीं. मुंबई विश्वविद्यालयाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तेव्हांपासून पिढ्यान्‌पिढ्या परीक्षार्थ्यास एकच ठाऊक होतें, कीं एकदां उत्तरपत्रिका हातांतून गेली म्हणजे ती पुन्हा दृष्टीस पडावयाची नाहीं. निकाल वर्तमानपत्रांत छापून येई. त्या बारीक आंकड्यांच्या रांगांत आपला क्रमांक सांपडला तर घरांत आनंद, न सांपडला तर अंधार. चूक आपली कीं दुसऱ्याची, हें विचारण्याची जागाच नव्हती. १ जानेवारी १९६६ रोजीं राज्य मंडळाचें काम सुरू झालें, त्यानंतरही बेरीज पडताळून मिळे, पण उत्तरपत्रिका पाहावयास मिळत नसे. कांहीं विद्यार्थ्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. परंतु १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. लाखों उत्तरपत्रिका अशा रीतीनें पुन्हा उघडावयाच्या ठरल्या तर परीक्षेस कधीं शेवटच येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.

पुढें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. आणि ९ ऑगस्ट २०११ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणांत असा निर्णय दिला, कीं तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या कायद्याच्या अर्थानें माहितीच होय, व ती पाहण्याचा परीक्षार्थ्यास हक्क आहे. परीक्षकाचें नांव मात्र उघड होतां कामा नये, आणि पुन्हा तपासून घेण्याचा हक्क या कायद्यानें मिळत नाहीं, हेंही न्यायालयानें सांगितलें. या दोन निर्णयांकडे आम्ही शिक्षक या नात्यानें पाहतों, तेव्हां आम्हांस दोहोंतही कांहीं सत्य दिसतें. परीक्षेस कोठें तरी शेवट पाहिजे, हें खरें. आणि जें आपण स्वतःच्या हातानें लिहिलें तें आपल्याच दृष्टीआड कायमचें राहूं नये, हेंही तितकेंच खरें. आज राज्य मंडळाची जी पद्धति आहे, ती या दोन सत्यांमधून काढलेली वाट आहे. ही वाट मुलांस सुखासुखी मिळालेली नाहीं. म्हणून तिचा उपयोग करण्यांत लाज कसली ? आणि ती मिळाली आहे म्हणून उगाच तुडवीत बसण्यांत तरी शोभा कसली ?

आतां आम्हांविषयीं. उत्तरपत्रिका तपासण्याचें काम आम्हीं स्वतः केलें आहे. गठ्ठे येतात ते मार्च महिन्यांत, उन्हाळा चढूं लागतो तेव्हां. उत्तरपत्रिकेवर मुलाचें नांव नसतें, शाळेचें नांव नसतें. काळ्या रेघांची एक चिठ्ठी तेवढी चिकटविलेली असते. दिवसभर वर्ग घ्यावे व उरलेल्या वेळांत लाल शाई घेऊन बसावें, असा क्रम असतो. दहावी-पंधरावी उत्तरपत्रिका होईपर्यंत मन ताजें असतें. पुढें पुढें अक्षरें एकमेकांत मिसळूं लागतात. तपासून झालेल्या उत्तरपत्रिका नियामकांकडे जातात, व त्यांतील कांहीं ते पुन्हा पाहतात.

एका वर्षीं आम्हीं तपासलेल्या मराठीच्या गठ्ठ्यांतील एक उत्तरपत्रिका नियामकांनीं आमच्यापुढें ठेविली. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं केवळ शेवटचें पान उलटून बोटानें पुरवणी दाखविली. पुरवणीवरील उत्तरें आम्हीं वाचलीं होतीं, त्यांस गुणही दिले होते. परंतु पहिल्या पानावर बेरीज मांडतांना ते आमच्याकडून राहून गेले होते. ते गुण होते अकरा. आम्हीं कांपत्या हातानें बेरीज सुधारली व सही केली. नियामकांनीं पुढची उत्तरपत्रिका उचलली. तें मूल कोण होतें, कोणत्या गांवचें होतें, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. आणि आपले अकरा गुण एका दुपारीं हरवले व सांपडले, हें त्यासही कधीं कळणार नाहीं.

खरी लाजिरवाणी गोष्ट याच्यापुढची आहे. इतकें होऊनही आम्ही कचेरींत येणाऱ्या आईबापांस पूर्वीप्रमाणेंच सांगत राहिलों, कीं तेथें चूक व्हावयाची नाहीं. आमच्या मनानें एक सोईची समजूत काढली होती : चूक झाली खरी, पण ती पकडली गेली, म्हणजे व्यवस्था निर्दोष आहे. नियामकांच्या हाताखालून प्रत्येक उत्तरपत्रिका जात नाहीं, हें ठाऊक असून आम्ही तिकडे डोळेझांक केली. या डोळेझांकीचें नांव मास्तरकीचा अभिमान. एका मास्तराच्या लाल शाईवर दुसऱ्या मास्तरानें संशय घेऊं नये, असा हा अभिमान असतो. आणि त्याची किंमत भरतें तें मूल.

तो अभिमान उतरविला एका बाईनें. ही बाई कांद्याच्या चाळीवर निवडणीस जात असे. तिचा मुलगा आमच्या वर्गांत होता. गणितांत बरा, बाकींत बेताचा. निकालांत त्याचे गणिताचे गुण त्याच्या हिशेबापेक्षां कमी आले. तो म्हणे, भूमितीच्या पेपरांतलें शेवटचें उदाहरण आपण सोडविलें आहे. आम्हीं त्यास विचारलें, “खरेंच सोडविलेंस, कीं सोडवावयाचें मनांत होतें ?” वर्गांतलीं चार मुलें हंसलीं. मुलगा गप्प बसला. दुसरे दिवशीं त्याची आई आली.

“सर, पोरगा म्हणतो त्यानं शेवटचं गणित सोडवलंय.”

“ताई, मुलांस तसें वाटतें. पैसे वायां जातील.”

“जाऊं द्या गेले तर. पण तो खोटं बोलायचा न्हाई.”

त्या शब्दांत भांडण नव्हतें, विनवणीही नव्हती. आम्हीं काहींशा नाखुषीनेंच शाळेच्या संगणकावर त्याचा अर्ज भरून दिला; गुणपडताळणीचे ५० रुपये व छायाप्रतीचे ४०० रुपये तिनें पदराच्या गांठींतून काढून मोजले. छायाप्रत आली. शेवटच्या पानावर तें उदाहरण होतें. आकृति होती, सिद्धता होती, उत्तरही होतें. नव्हती ती लाल शाई. बरोबरची खूण नाहीं कीं चुकीची नाहीं. तें पान परीक्षकाच्या बोटांखालून दुसऱ्या पानास चिकटून उलटलें गेलें असावें.

त्यानंतर गुणपडताळणीचा निकाल यावयाचा होता. ज्या दिवशीं तो संकेतस्थळावर दिसेल असें वाटलें, त्या दिवशीं मायलेक दोघें सकाळींच कचेरींत आलीं. मुलानें आपला बैठक क्रमांक घातला. पडद्यावर तें चाक फिरूं लागलें. आमच्याकडील जोडणी मंद. तें चाक फिरतां फिरतां दोनदां थांबलें व पहिल्यापासून सुरू करावें लागलें. बाई पडद्याकडे पाहत नव्हती. तिला वाचतां येत नव्हतें. ती मुलाच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटीं आंकडे उमटले. गणिताचे गुण चारांनीं वाढले होते.

“काय म्हणतंय ?” तिनें विचारलें.

“चार वाढले,” तो म्हणाला.

आम्ही म्हणालों, “ताई, आम्ही चुकलों.”

“तुम्ही कुठं चुकला सर ? तपासणारा चुकला.”

पण कोण कोठें चुकलें, हें त्या खोलींत तिघांपैकीं दोघांस पुरतें ठाऊक होतें. चार गुणांनीं त्या मुलाचें दैव पालटलें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची टक्केवारी किंचित्‌ वाढली, एवढेंच. पण गुणांहून मोठी गोष्ट त्या दिवशीं परत मिळाली. चार मुलांदेखत ज्याच्या शब्दावर त्याच्याच शिक्षकानें संशय घेतला होता, तो मुलगा खरें बोलला होता. दुसऱ्या दिवशीं त्याचे जे सोबती शाळेंत दाखल्यांसाठीं आले होते, त्यांच्यासमोर आम्हीं हें बोलून दाखविलें. तेवढें ऋण फेडणें आमच्या हातांत होतें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, तर मग प्रत्येकानेंच अर्ज करावा. तसें आमचें म्हणणें नाहीं. दुसरी हकीकत ऐका. पुढच्याच एका वर्षीं आमची एक हुषार विद्यार्थिनी मराठींत अपेक्षेहून कमी गुण घेऊन बाहेर पडली. पहिला क्रमांक तीन गुणांनीं हुकला. तिच्यापेक्षां तिच्या वडिलांच्या मनास तें अधिक लागलें. छायाप्रत आली, ती कोणीं नीट वाचली नाहीं, तिच्यावर लगेच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज झाला. सुमारें महिनाभर त्या घरांत दुसरा विषय नव्हता. वडील दिवसांतून तीनतीनदां मोबाईल उघडून संकेतस्थळ पाहत. अखेर एके रात्रीं उत्तर आलें : गुणांत बदल नाहीं. वडील म्हणाले, “तपासणारेही त्यांचेच, मग दुसरें काय निघणार ?” मुलगी जेवली नाहीं.

पंधरा दिवसांनीं ती मुलगी एकटीच शाळेंत आली. तिच्या हातांत ती छायाप्रत होती. तिनें एक पान उघडून आमच्यापुढें ठेविलें व म्हणाली, “सर, येथें बातमी तयार करावयास सांगितली होती. मीं गोष्टीसारखें लिहिलें. मला वाटलें होतें, छान झालें आहे.” तें छान झालेंच होतें, पण ती बातमी नव्हती. ठिकाण नव्हतें, दिवस नव्हता, मथळा नव्हता. परीक्षकानें न्यायच केला होता. त्या मुलीस आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनीं दिसली, आणि ज्या क्षणीं ती दिसली त्या क्षणीं तिच्या मनांतली कटुता गेली. आम्हांस वाटतें, कीं तीच गोष्ट तिला छायाप्रत आली त्याच दिवशीं कोणी शेजारीं बसून दाखविली असती, तर महिनाभराचा तो जाच व ३०० रुपये दोन्ही वांचले असते.

या दोन हकीकतींवरून आमचें मत बनलें आहे, तें असें : पुन्हा तपासून मागणें हा परीक्षकाचा अपमान नव्हे, व गुण वाढविण्याची युक्तिही नव्हे. तें सत्य विचारणें आहे. आणि ज्यास सत्य विचारावयाचें आहे, त्यानें तें दोन्ही बाजूंनीं ऐकण्याची तयारी ठेविली पाहिजे. ‘चार वाढले’ हें जसें उत्तर, तसेंच ‘बदल नाहीं’ हेंही उत्तर. दुसऱ्या डोळ्यांपुढें उत्तरपत्रिका गेली म्हणजे गुण वाढलेच पाहिजेत, असा कोठें नियम नाहीं. ज्या घरांत पहिलें उत्तर तेवढेंच खरें मानावयाचें ठरलें आहे, त्या घरानें अर्ज न करणेंच बरें.

मग अर्ज कोणीं करावा ? आमची पालकांस सूचना अशी, कीं प्रथम मुलास विचारावें, व प्रश्न घेऊन विचारावें. “तुला किती पडावयास हवे होते ?” हा प्रश्न उपयोगाचा नाहीं, “कोणत्या उदाहरणाचे किती धरले होतेस?” हा उपयोगाचा. जें मूल प्रश्नपत्रिका पुढें ठेवून बोट दाखवून सांगतें, त्याच्या शब्दास वजन द्यावें. शेजारच्या मुलास अधिक पडले, हें कारण नव्हे. शिकवणीच्या वर्गांत नेहमीं अधिक पडत, हेंही कारण नव्हे. गणित व विज्ञान यांत तपासणें राहून गेलें कीं बेरीज चुकली, हें छायाप्रतीवरून घरींही दिसूं शकतें. भाषेच्या निबंधांत मात्र एकाचें मत सातावर थांबतें व दुसऱ्याचें आठावर, आणि दोघेही प्रामाणिक असतात. तेथें फार आशा धरूं नये. म्हणून छायाप्रत आल्यावर ती शाळेंत त्या विषयाच्या शिक्षकाकडे घेऊन यावी. पांच दिवसांची मुदत थोडी आहे, पण एक दुपार त्यास पुरते.

आणखी एक हिशेब पाहावा. २०१० सालापासून शालान्त परीक्षेची टक्केवारी सहांपैकीं उत्तम पांच विषयांवर धरली जाते. ज्या विषयाविषयीं शंका आहे तो त्या पांचांत मोडतो काय, हें पाहिल्यावांचून पैसे भरूं नयेत. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यांत एकाच केंद्रीय पद्धतीनें संगणकावर होऊं लागले, आणि तेथें एकेका गुणाचें मोल असतें, हें आम्ही जाणतों. पण जो विषय हिशेबांतच नाहीं, त्याच्यासाठीं मजुरीचा दिवस खर्चीं घालणें शहाणपणाचें नव्हे. याउलट जो विद्यार्थी एखाद्या विषयांत थोडक्यानें अनुत्तीर्ण झाला आहे, त्यानें अर्ज अवश्य करावा. पण त्याच्या भरंवशावर हात जोडून बसूं नये. पुरवणी परीक्षेचा अर्जही वेळेवर भरावा व अभ्यासही चालूं ठेवावा. उत्तर अनुकूल आलें तर केलेला अभ्यास वायां जात नाहीं. प्रतिकूल आलें तर मात्र न केलेला अभ्यास वर्ष नेतो.

निकाल पाहण्याच्या दिवसाविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पूर्वीं निकाल चार लोकांत लागे. बरें असो वाईट असो, सोबतीस कोणी असे. आतां तो मोबाईलच्या पडद्यावर येतो, आणि पुष्कळदां मूल तो रात्रीं पांघरुणांत एकटेंच पाहतें. हें आम्हांस फार धोक्याचें वाटतें. फेरतपासणीचा निकाल तर दुसऱ्यांदा आशा धरून पाहिलेला असतो. आशा दुसऱ्यांदा मोडते ती अधिक दुखते. म्हणून पालकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे, कीं तो दिवसा, घरांतल्या मोठ्या माणसांसह, अगर शाळेंत येऊन पाहावा. बैठक क्रमांक व विषय बरोबर आहेत काय, जुने गुण किती व आतांचे किती, हें शांतपणें वाचावें, व त्याची छापील प्रत काढून ठेवावी. गुण बदलले असल्यास सुधारित गुणपत्रक घेण्याची व प्रवेशाच्या ठिकाणीं तें कळविण्याची तजवीज त्याच आठवड्यांत करावी. बदलले नसल्यास दोन मिनिटें गप्प बसावें, आणि मग मुलास जेवावयास वाढावें. त्या वेळीं उपदेश नको.

याच दिवसांत कांहीं लोक पालकांस दूरध्वनी करून ‘मंडळांत आमची ओळख आहे, इतके पैसे द्या, गुण वाढवून देतों’ असें सांगतात. अशांस एक पैसा देऊं नये, व मोबाईलवर येणारा ओटीपी तर कोणासही सांगूं नये. गुण वाढतात ते उत्तरपत्रिकेंतील उत्तरामुळें. दुसऱ्या वाटेनें वाढवून देतों म्हणणारा एक तर चोर असतो, किंवा आपणांस चोर करूं पाहतो.

शेवटीं थोडें मोठ्यांस. २०२५ सालीं या परीक्षेस सुमारें साडेपंधरा लाख मुलें बसलीं होतीं. नऊ विभागीय मंडळांनीं एवढा पसारा आवरून वेळेवर निकाल लावावा, हें लहान काम नव्हे. त्यांत चुका होणारच नाहींत, असें म्हणणें हें मनुष्यस्वभाव न ओळखण्यासारखें आहे. मंडळास आमची विनंती इतकीच, कीं पुनर्मूल्यांकनांत गुण कायम ठेवावयाचे असतील तेव्हां ‘बदल नाहीं’ या दोन शब्दांबरोबर कारणाचा एक शब्द मुलास मिळावा. ‘प्रश्नास अनुसरून नाहीं’, ‘पायरी चुकली’, एवढें जरी कळलें तरी त्या कोऱ्या उत्तराचा पाठ होईल. आणि शाळांस, म्हणजे आम्हां स्वतःस, आमचें सांगणें असें, कीं एका विषयाची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन मिळून ७०० रुपये होतात. ज्या घरांत ही रक्कम म्हणजे दोन दिवसांची मजुरी आहे, त्या घरच्या मुलाचें सत्य केवळ पैशांअभावीं झांकलेलें राहूं नये. प्रत्येक शाळेंत शिक्षकांनीं व माजी विद्यार्थ्यांनीं मिळून एक लहानसा निधि ठेवावा, आणि छायाप्रत वाचून देण्यासाठीं निकालानंतरचा एक आठवडा शिक्षकांनीं दुपारीं हजर राहावें. आमच्यापुरतें आम्हीं हें सुरू केलें आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमचें उत्तर तुमच्या हाताचें आहे. तें कोणीं न पाहतां उलटलें असेल, तर तें पुन्हा पाहा म्हणून सांगण्याचा तुम्हांस हक्क आहे, व त्यासाठीं आमच्याकडे येतांना दाराशीं घुटमळण्याचें कारण नाहीं. मात्र येतांना प्रश्नपत्रिका बरोबर आणा, आणि कोणत्या प्रश्नाविषयीं म्हणणें आहे तेथें बोट ठेवा. “खरेंच सोडविलेंस का ?” असें आम्ही पूर्वींसारखें आतां विचारणार नाहीं. “दाखव बघूं,” एवढेंच म्हणूं.